सामने तेच, क्रम निराळा

जून महिन्याच्या मध्यावर एका सकाळी इंग्लंडमध्ये नऊ वाजतात, तेव्हा मुंबई-पुण्यात दुपारचा दीड वाजलेला असतो. कचेऱ्यांमधली जेवणाची सुट्टी संपत आलेली असते. नेमक्या त्याच वेळी इंग्लिश प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर होते. यादी एकूण ३८० सामन्यांची. पण प्रत्येक चाहत्याची नजर आपल्या संघाच्या ३८ ओळी तेवढ्या शोधते. सलामीला कोण? कट्टर शेजाऱ्याशी गाठ कधी? नाताळच्या आठवड्यात घरी की बाहेर? आणि मे महिन्यातले शेवटचे पाच सामने कोणाशी?

पुढच्या तासाभरात निकालही लागलेला असतो. पहिल्या सहा सामन्यांत तीन बलाढ्य संघ आल्याने कोणी कपाळावर हात मारतो, तर कोणी शेवटच्या महिन्यातले दुबळे प्रतिस्पर्धी मोजून विजेतेपदाचे गणित मांडतो. ‘दर वर्षी आमच्याच वाट्याला असे का?’ हा प्रश्न मँचेस्टरमध्ये विचारला जातो, लंडनमध्ये विचारला जातो आणि अलीकडे ठाण्यात व कोथरूडमध्येही विचारला जातो.

वास्तविक या तक्रारीला वरवर पाहता आधार नाही. लीगमधील वीस संघांपैकी प्रत्येकाला उरलेल्या एकोणीस संघांशी दोनदा खेळायचे असते, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. कोणालाही एक मोठा संघ जास्त नाही की एक दुबळा संघ कमी नाही. मग वेळापत्रकावरून एवढी चर्चा कशासाठी? उत्तर असे, की वेळापत्रक प्रतिस्पर्धी ठरवीत नाही. ते क्रम ठरविते, दोन सामन्यांमधली विश्रांती ठरविते आणि सामन्याचा वार व वेळ ठरविते. यांतील पहिल्या गोष्टीवर चाहते सर्वाधिक बोलतात, दुसरीकडे त्यांचे कमी लक्ष जाते आणि तिसरीची झळ मात्र त्यांनाच सोसावी लागते.

वेळापत्रकासाठी जन्मलेली लीग

आज लीग आधी आणि वेळापत्रक नंतर असे वाटत असले, तरी इतिहास उलटा आहे. १८८० च्या दशकात इंग्लंडमधील क्लबांनी खेळाडूंना वेतन देण्यास सुरुवात केली होती. वेतन दर आठवड्याला द्यावे लागे. सामने मात्र भरवशाचे नव्हते. मैत्रीपूर्ण लढती ठरत आणि मोडत. एखाद्या क्लबची चषक स्पर्धेतील लढत त्याच दिवशी आली की ठरलेला सामना रद्द होई. प्रेक्षक मैदानावर येत आणि परत जात.

या अनागोंदीला कंटाळून बर्मिंगहॅममध्ये कापडाचे दुकान चालविणारे आणि अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे एक संचालक असलेले विल्यम मॅकग्रेगर यांनी २ मार्च १८८८ रोजी काही प्रमुख क्लबांना पत्र पाठविले. दहा-बारा क्लबांनी एकत्र येऊन दर हंगामात परस्परांशी घरचे आणि बाहेरचे सामने आधीच ठरवून घ्यावेत, एवढीच सूचना त्यात होती. त्यातून बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी राहिली आणि ८ सप्टेंबर १८८८ रोजी पहिले सामने झाले. गमतीचा भाग असा, की विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण हा नियम नोव्हेंबरमध्ये, म्हणजे हंगाम सुरू झाल्यावर ठरला. गुण कसे मोजायचे हे नंतर पाहता येईल, सामना कधी आणि कोणाशी हे मात्र आधी ठरले पाहिजे, असा तो हिशेब होता. पहिल्या हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंड संघ २२ पैकी एकही सामना न हरता विजेता ठरला.

सलग दोन सामने बाहेर का?

वीस संघांचे वेळापत्रक कागदावर मांडणे सोपे वाटते आणि एका अर्थाने ते आहेही. वीस माणसे दहा-दहाच्या दोन रांगांत समोरासमोर बसली आहेत अशी कल्पना करावी. समोरासमोर बसलेल्या जोड्या म्हणजे पहिल्या फेरीचे दहा सामने. आता एका माणसाला जागेवरच ठेवून बाकीच्या एकोणीस जणांनी एकेक जागा पुढे सरकावे. दुसरी फेरी तयार होते. असे एकोणीस वेळा केले की प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ पडते. हाच क्रम मैदाने उलटी करून पुन्हा चालविला की अडतीस फेऱ्या पूर्ण होतात.

खरी अडचण सुरू होते ती घर आणि बाहेर यांच्या वाटणीत. प्रत्येक चाहत्याला वाटते, की आपला संघ एक आठवडा घरी आणि एक आठवडा बाहेर असा आळीपाळीने खेळावा. सर्वांची ही इच्छा पूर्ण करणे गणिताने अशक्य आहे. काटेकोर आळीपाळीचे प्रकार दोनच: घरापासून सुरुवात किंवा बाहेरून सुरुवात. ज्या दोन संघांचा प्रकार एकच असेल, ते दोघे एकाच दिवशी घरी आणि एकाच दिवशी बाहेर असणार; म्हणजे त्यांची आपसांत गाठ कधीच पडणार नाही. म्हणून पहिल्या एकोणीस फेऱ्यांत फार तर दोन संघांना अखंड आळीपाळ मिळू शकते. उरलेल्या अठरा संघांना किमान एकदा तरी सलग दोन सामने घरी किंवा सलग दोन सामने बाहेर खेळावेच लागतात. ‘सलग दोनदा बाहेर’ या तक्रारीमागे पुष्कळदा कोणाचा पक्षपात नसून निव्वळ अंकगणित असते.

अशा सलग सामन्यांची संख्या मर्यादेत राहावी, यासाठी प्रीमियर लीगने काही पथ्ये ठरविली आहेत. कोणत्याही पाच सामन्यांमध्ये तीन घरी व दोन बाहेर किंवा याच्या उलट अशी विभागणी असावी. शक्यतो सलग दोनपेक्षा अधिक सामने घरी किंवा बाहेर नसावेत. हंगामाची सुरुवात अथवा शेवट सलग दोन घरच्या किंवा सलग दोन बाहेरच्या सामन्यांनी होऊ नये. २६ डिसेंबरला, म्हणजे ज्याला इंग्लंडमध्ये ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात त्या दिवशी, जो संघ घरी खेळेल त्याने नववर्षाच्या सामन्याला बाहेर जावे. सणाच्या दिवसांत रेल्वेची सेवा तुटपुंजी असल्याने त्या काळात चाहत्यांचा प्रवास शक्य तितका कमी ठेवावा.

शेजारी आणि पोलीस

याशिवाय शहरांचे प्रश्न असतात. लिव्हरपूल आणि एव्हर्टन हे एकाच शहरातले क्लब. एव्हर्टनचे जुने गुडिसन पार्क आणि लिव्हरपूलचे अ‍ॅनफिल्ड ही मैदाने तर एका उद्यानाच्या दोन बाजूंना होती; २०२५ मध्ये एव्हर्टन नदीकाठच्या नव्या स्टेडियमवर गेला. हे दोन्ही संघ एकाच दिवशी घरी खेळू लागले तर रस्ते, रेल्वे आणि पोलीस या तिन्हींवर ताण येईल. म्हणून अशा क्लबांच्या जोड्या लावल्या जातात: एक घरी असेल तेव्हा दुसरा बाहेर. मँचेस्टरच्या दोन संघांचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामात एकट्या लंडनमध्ये सात क्लब होते. म्हणजे आर्सेनलचा एक सामना हलला की उत्तर लंडनमधील टॉटनहॅमचे वेळापत्रकही तपासून पाहावे लागते.

काम सुरू होते ते रिकाम्या दिनदर्शिकेपासून. प्रथम राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी जागतिक महासंघाने राखून ठेवलेल्या तारखा खोडल्या जातात. मग युरोपीय क्लब स्पर्धांचे आठवडे, त्यानंतर एफए चषक आणि लीग चषकाच्या तारखा. उरतात त्या तारखांत लीगच्या अडतीस फेऱ्या बसवायच्या. याच प्रक्रियेत खालच्या तीन श्रेणींचेही वेळापत्रक तयार होते. त्या प्रत्येक श्रेणीत २४ संघ आणि ५५२ सामने. म्हणजे चारही श्रेणी मिळून २,०३६ सामन्यांचा हा पसारा आहे. क्लबांकडून आणि पोलिसांकडून अडचणीच्या तारखा मागवून घेतल्या जातात, संगणक पहिला आराखडा देतो आणि मग माणसे बसून तो पुन्हा पुन्हा तपासतात. एका क्लबची सोय पाहिली की दुसऱ्याची गैरसोय होते. सर्वांची थोडी थोडी गैरसोय करणारे वेळापत्रक हेच त्यातल्या त्यात चांगले वेळापत्रक ठरते.

‘सोपा’ सामना म्हणजे कोणता?

आता चाहत्यांच्या आवडत्या वादाकडे वळता येईल. जूनमध्ये वेळापत्रक हाती आले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्यासमोर मनातल्या मनात ‘कठीण’ किंवा ‘सोपा’ असा शेरा पडतो. हा शेरा अर्थातच मागील हंगामाच्या गुणतक्त्यावरून दिलेला असतो. त्यावर किती विसंबावे, हे २०१५-१६ च्या हंगामाने दाखवून दिले.

जून २०१५ मध्ये चेल्सी हा गतविजेता होता, तर लेस्टर सिटी आदल्या हंगामात चौदावा आला होता आणि जेमतेम तळातून वर आला होता. लेस्टरविरुद्धच्या लढतीपुढे बहुतेकांनी ‘तीन गुण’ असे लिहून ठेवले असणार आणि चेल्सीच्या नावापुढे ‘बरोबरी मिळाली तरी पुरे’. मे २०१६ मध्ये लेस्टर दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलपेक्षा दहा गुण पुढे राहून विजेता झाला आणि चेल्सी दहाव्या स्थानावर घसरला. कागदावरचा सोपा सामना हंगामातला सर्वांत कठीण ठरला होता.

क्रमाचे महत्त्व नाही असा याचा अर्थ नव्हे. नवा प्रशिक्षक आलेल्या संघाला ऑगस्टमध्ये गाठणे आणि तोच संघ स्थिरावल्यावर फेब्रुवारीत गाठणे यांत फरक पडतो. खालच्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या संघाला आरंभीच पाच बलाढ्य प्रतिस्पर्धी भेटले, तर ऑक्टोबरपर्यंत संचालकांचा धीर सुटतो आणि प्रशिक्षकाची नोकरी जाते. तेच सामने विखुरलेले असते तर त्याला कदाचित वेळ मिळाला असता. हंगामाच्या अखेरीस तर प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाइतकीच त्याची गरज महत्त्वाची असते. काहीच पणाला नसलेला मध्यावरचा संघ आणि श्रेणी टिकविण्यासाठी जिवावर उदार झालेला तळाचा संघ यांत दुसराच अधिक जड जातो.

१३ मे २०१२ हा दिवस याचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड यांचे गुण समान होते; सिटीचा शेवटचा सामना घरच्या मैदानावर सतराव्या स्थानावरील क्वीन्स पार्क रेंजर्सशी होता. याहून सोपा शेवट कोणी मागितला नसता. पण रेंजर्सनाही श्रेणी टिकवायची होती. दहा खेळाडूंनिशी खेळूनही तो संघ नव्वद मिनिटे संपेपर्यंत २-१ असा पुढे होता. भरपाई वेळेत एडिन झेको आणि सर्जिओ अग्वेरो यांनी दोन गोल केले आणि सिटीने गोलफरकाच्या आधारे विजेतेपद मिळविले. शेवटच्या फेरीचे सर्व सामने एकाच वेळी सुरू करण्याची प्रथा का आवश्यक आहे, हेही त्या दुपारी दिसले. दुसऱ्याचा निकाल आधी कळला असता तर त्या नाट्यात निम्मीच लढत उरली असती.

यादीत न दिसणारा प्रतिस्पर्धी

अडतीस नावांच्या यादीत एक प्रतिस्पर्धी कधीच छापलेला नसतो. तो म्हणजे थकवा. प्रीमियर लीगचे सामने मुख्यतः शनिवार-रविवारी होतात. परंतु चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या संघाला मंगळवारी किंवा बुधवारी आणखी एक सामना असतो. युरोपा लीगमधील संघाला गुरुवारी. गुरुवारी रात्री युरोपच्या दुसऱ्या टोकाला खेळून पहाटे परतलेला संघ रविवारी आठवडाभर विश्रांती घेतलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहतो. दोघांचे वेळापत्रक कागदावर सारखेच. पाय मात्र सारखे नसतात.

लेस्टरच्या त्या विजयी हंगामात त्याला युरोपीय स्पर्धा नव्हती. देशांतर्गत चषकांतूनही तो लवकर बाहेर पडला. सर्व स्पर्धा मिळून तो ४३ सामने खेळला. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, चेल्सी विजेता झाला तेव्हा त्यालाही युरोपीय स्पर्धा नव्हती. उलट तिन्ही मोठे चषक जिंकणाऱ्या मँचेस्टर सिटीला २०२२-२३ मध्ये ६१ सामने खेळावे लागले. एवढे सामने पेलायचे तर तोलामोलाचे दोन संघ उभे राहतील इतके खेळाडू पदरी असावे लागतात आणि ते सर्वांना परवडत नाही.

हा भार वाढत चालला आहे. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघाला सहाऐवजी आठ सामने आले. जागा करण्यासाठी त्याच हंगामापासून एफए चषकाच्या मुख्य स्पर्धेतील फेरलढती बंद झाल्या. बरोबरी साधून मोठ्या क्लबच्या मैदानावर पुन्हा खेळण्याची, त्या तिकीटविक्रीतून वर्षभराचा खर्च भागविण्याची लहान क्लबांची संधी त्यामुळे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीच्या रॉड्री याने खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर असल्याचे सांगितले आणि त्याच महिन्यात आर्सेनलविरुद्ध गुडघा दुखावून तो बहुतेक हंगामाला मुकला. इंग्लंडमधील चाहत्यांना हा बदल खऱ्या अर्थाने जाणवला तो २६ डिसेंबर २०२५ रोजी. एरवी सणासारखा सामन्यांनी भरलेला तो दिवस; त्या वर्षी प्रीमियर लीगचा केवळ एक सामना झाला. युरोपीय स्पर्धांच्या वाढलेल्या तारखांमुळे लीगला त्या हंगामात ३३ शनिवार-रविवारच उरले होते आणि ते पुरवून वापरावे लागत होते.

जाहीर झाले, पण ठरले नाही

जूनमध्ये जाहीर होणाऱ्या यादीतील बहुतेक सामन्यांपुढे शनिवार, दुपारी तीन ही वेळ असते. जाणता चाहता त्यावर विश्वास ठेवीत नाही. दूरचित्रवाणी कंपन्या आपापले सामने निवडतात आणि मग शनिवारचा सामना शुक्रवारी रात्री, रविवारी दुपारी किंवा सोमवारी रात्री जातो. हे बदल काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने कळतात. २०२५-२६ पासून लागू झालेल्या करारांनुसार ब्रिटनमध्ये ३८० पैकी किमान २६७ सामन्यांचे थेट प्रक्षेपण होते. म्हणजे बहुसंख्य सामन्यांची अंतिम वेळ प्रक्षेपणाच्या सोयीने ठरते.

उरलेल्या सामन्यांमागे एक जुना नियम आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये कोणताही फुटबॉल सामना थेट दाखविला जात नाही. घरबसल्या मोठा सामना दिसला तर खालच्या श्रेणीतील लहान क्लबांच्या मैदानावर कोण जाईल, या चिंतेतून १९६० च्या दशकात ही बंदी आली. ती ब्रिटनपुरती असल्याने एक विलक्षण परिस्थिती निर्माण होते. मँचेस्टरमध्ये तिकीट न मिळालेल्या माणसाला आपल्या शहरात चाललेला सामना घरी पाहता येत नाही आणि पुण्यातला चाहता तोच सामना संध्याकाळी साडेसातला चहा घेत पाहतो. ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्लंडमधील घड्याळे तासभर मागे जातात, तेव्हा तो साडेआठला सुरू होतो. सोमवारी रात्री आठचा सामना मात्र हिवाळ्यात आपल्याकडे मंगळवारच्या पहाटे दीड वाजता येतो. त्या दिवशी मुंबईची सकाळची लोकल डोळे चोळीत गाठावी लागते.

तरीही खरी किंमत मोजतो तो संघामागे परगावी जाणारा चाहता. न्यूकॅसल ते बोर्नमथ हे अंतर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक, म्हणजे जवळपास मुंबईहून पणजीला जाण्याइतके. शनिवारी दुपारचा सामना असेल तर पहाटे निघून मध्यरात्रीपर्यंत परतता येते. तोच सामना सोमवारी रात्री आठला गेला, तर तो संपेपर्यंत दहा वाजतात. त्यानंतर परतीची रेल्वे मिळण्याची आशा नसते. दोन दिवसांची रजा आणि एका रात्रीचा मुक्काम खर्चात जमा होतो. आधी काढून ठेवलेले रेल्वेचे स्वस्त तिकीट वाया जाते ते वेगळेच. चाहत्यांच्या संघटनांच्या दबावामुळे २०१६-१७ पासून पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आली. प्रवासाच्या खर्चावर अशी मर्यादा कोणी घालू शकत नाही.

यादी कोणाच्या मालकीची?

वेळापत्रक हाती ठेवण्याची सत्ता किती मोठी आणि तिची मर्यादा कोणती, हे इंग्लंडने एकदा अनुभवले आहे. १९३० च्या दशकात सामन्यांच्या निकालांवर पैज लावण्याची कूपने विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा तेथे भरभराटीला आला होता. ही कूपने छापायची तर आगामी सामन्यांची यादी हवी. लीगच्या चालकांना हा जुगार मान्य नव्हता. फेब्रुवारी १९३६ च्या अखेरीस त्यांनी जाहीर झालेले वेळापत्रकच रद्द केले आणि शनिवारी कोण कोणाशी खेळणार, हे अगदी शेवटच्या दिवसांपर्यंत गुप्त ठेवले. कूपनांची अडचण झालीच. पण आपला संघ कोणाशी खेळणार हेच ठाऊक नसल्याने प्रेक्षकही घटले. क्लबांनी बंड पुकारले आणि दोन आठवड्यांत चालकांना माघार घ्यावी लागली.

पुढे १९५९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने वेळापत्रकावर लीगचा स्वामित्वहक्क मान्य केला आणि त्या कंपन्यांना यादी छापण्यासाठी पैसे मोजावे लागले. मार्च २०१२ मध्ये मात्र युरोपीय न्यायालयाने असे वेळापत्रक केवळ नियम व बंधने यांवरून तयार होत असेल आणि त्यात निर्मितीच्या स्वातंत्र्याला वाव नसेल, तर त्याला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळणार नाही, असा निर्वाळा दिला.

चाहत्यांनी ठरविले तर वेळापत्रक बदलतेही. जर्मनीच्या बुंडेसलिगाने २०१७-१८ मध्ये हंगामात पाच सामने सोमवारी रात्री खेळविण्याचा प्रयोग केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रँकफर्टच्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामना थांबविला. पुढच्याच सोमवारी डॉर्टमुंडच्या ८१ हजार क्षमतेच्या स्टेडियमवर सुमारे ५४ हजार प्रेक्षक होते; एरवी तेथे जागा मिळत नाही. त्याच वर्षी क्लबांनी निर्णय फिरविला आणि २०२१-२२ पासून सोमवारचे सामने बंद झाले.

यादी हाती आल्यावर

वेळापत्रक वाचण्याची रीत यातून आपोआप निघते. पहिल्या पाच नावांवरून हंगामाचे भाकीत करू नये. युरोपीय सामन्यांच्या तारखा शेजारी मांडून कोणत्या लढतीआधी किती दिवसांची विश्रांती आहे, ते पाहावे. हीच मोजणी प्रतिस्पर्ध्याचीही करावी, कारण फरक दोघांच्या विश्रांतीतला असतो. अखेरच्या फेऱ्यांत प्रतिस्पर्ध्याच्या नावापेक्षा त्याची तेव्हाची गरज पाहावी आणि ती एप्रिलपूर्वी कळत नाही, हेही मान्य करावे. इंग्लंडला जाऊन सामना पाहण्याचा बेत असेल, तर प्रक्षेपणाच्या निवडी जाहीर होईपर्यंत तारखेच्या मागचा-पुढचा दिवस मोकळा ठेवावा.

परक्या लीगच्या यादीवर एवढा खल करणाऱ्या भारतीय चाहत्याला २०२५ मध्ये घरच्या लीगची यादीच मिळाली नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि इंडियन सुपर लीगची चालक कंपनी यांच्यातील करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. तो वाढविण्याबाबत निर्णय न झाल्याने जुलैमध्ये नवा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबविण्यात आला. ऑक्टोबरमध्ये एफसी गोवाने मडगावच्या फातोर्डा मैदानावर सौदी अरेबियाच्या अल नासर संघाशी आशियाई स्पर्धेचा सामना खेळला, तेव्हा देशातल्या लीगचा पहिला सामना कधी, हे त्या मैदानावरील कोणालाही सांगता आले नसते.

लीग अखेर १४ फेब्रुवारी २०२६ रोजी सुरू झाली, तीही एकेरी साखळीच्या रूपात. संघ १४, सामने ९१. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ एकदाच. तेरा सामन्यांची घर आणि बाहेर अशी समान वाटणी होऊच शकत नाही. कोणाला कट्टर प्रतिस्पर्धी आपल्या अंगणात मिळाला, कोणाला त्याच्या अंगणात जावे लागले आणि परतफेडीचा सामना यादीत नव्हता. ‘आमच्याच वाट्याला असे का?’ ही मुंबई आणि गोव्याच्या चाहत्याची तक्रार त्या हंगामापुरती तरी निराधार नव्हती.